दुसरा प्याला



मद्यनिर्मिती तंत्रज्ञांच्या या परिषदेचे अध्यक्षपद देऊन आपण माझा जो बहुमान केला त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. पूर्वाध्यक्षांची विद्वत्ता आणि माझी अपात्रता यांविषयी अशा प्रसंगी जे बोलायचे असते ते सारे बोलून झाले असे समजावे. संयोजकांनी मला विषय लावून दिला आहे तो लघु मद्यनिर्मितीच्या गेल्या अर्धशतकाच्या आढाव्याचा. आढावा मी घेईन. परंतु परिषदेच्या मागच्या बाकांवर बसून वर्षानुवर्षे जी एक गोष्ट मी मनात बाळगीत आलो, आणि जिच्यावरचा माझा निबंध ‘कार्यक्रमात बसत नाही’ अशा शेऱ्यानिशी साभार परत येत राहिला, ती, अध्यक्षाला मध्येच थांबवण्याची आपल्याकडे चाल नाही या सोयीचा लाभ घेऊन, आज बोलून टाकणार आहे.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने पहिल्या प्याल्याविषयी मराठी माणसाच्या मनात जी धास्ती घातली ती शंभर वर्षे आपल्या धंद्याला पुरून उरली आहे, आणि ज्या कायद्याखाली आपण परवाने काढून बीअर करतो त्याच्या नावात अद्यापही ‘दारूबंदी’ हाच शब्द आहे. तेव्हा पहिल्या प्याल्याची काळजी वाहणारे या महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे तो दुसऱ्याविषयी. पहिला प्याला जाहिरात विकते, लेबलावरचे चित्र विकते, मित्राचा आग्रह विकतो. दुसरा मात्र बीअरलाच विकावा लागतो. तिसऱ्या-चौथ्याची वकिली मी करीत नाही, ती करण्याचे माझे वयही राहिले नाही. परंतु अमेरिकेतले नामांकित लघुकारखाने गेल्या दहाएक वर्षांत एकामागून एक विकले गेले, आटले किंवा बंद पडले, आणि त्याचे कारण ‘लोकांची अभिरुची बदलली’ असे सांगण्याची जी प्रथा आपल्या निबंधवाचनात पडली आहे, ती मला साफ नामंजूर आहे. त्या कारखान्यांनी दुसरा प्याला घालवला, आणि तो आपल्या हातांनी घालवला.

मुळात ही मंडळी उभी राहिली ती कशावर? 1965 साली सॅन फ्रान्सिस्कोतला ‘अँकर’ हा 1896 पासून चालत आलेला आणि त्या वेळी शेवटच्या घटका मोजत असलेला कारखाना फ्रिट्झ मेटॅग नावाच्या तरुणाने घेतला. धुलाईयंत्रांच्या पिढीजात कारखानदारीचा हा वारस. गाठीला पैसा होता, बीअरचे ज्ञान जवळजवळ शून्य. घाणे आंबून परत येत, जमाखर्चाची तोंडमिळवणी होत नसे. त्याने नवी बीअर शोधली नाही, स्वच्छता शोधली. लागरचे यीस्ट उघड्या, उथळ हौदांत, लागरला साजणार नाही अशा उबदार हवेत आंबवायचे, ही बर्फाची सोय नसलेल्या काळातली ‘स्टीम’ बीअरची जुनी रीत त्याने तशीच ठेवली आणि ती दर वेळी तशीच उतरावी यासाठी वर्षे घालवली. बाटलीत भरून ती बाजारात आली ती 1971 साली. ते हौद मी पाहिले आहेत, त्यांच्या काठावर उभा राहिलो आहे, आणि माझ्याबरोबरच्या एका तरुण सहकाऱ्याने ‘यात नवीन काय?’ असे विचारले तेव्हा आम्हाला कारखाना दाखवणारा मनुष्य ‘काही नाही’ असे ज्या अभिमानाने म्हणाला तो अभिमानही मला आठवतो. 1975 साली त्याच कारखान्याने कॅस्केड हॉप्सचा सुगंध घातलेली ‘लिबर्टी एल’ काढली, आणि अमेरिकेच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या कडू बीअरची वंशावळ तिच्यापासून सुरू झाली.

त्याच काळात सोनोमात जॅक मॅकऑलिफने 1976 साली ‘न्यू ॲल्बियन’ उभारला. तो सहा वर्षांत बुडाला, पण केन ग्रॉसमनसारख्यांना वाट दाखवून गेला. ग्रॉसमनने 1980 साली चिको गावी, दुधाच्या धंद्यातली जुनी भांडी जोडून ‘सिएरा नेव्हाडा’ सुरू केला, आणि त्याच्या पेल एलचे पहिले कित्येक घाणे, पिण्यासारखे असूनही, एकसारखे उतरत नाहीत एवढ्याच कारणासाठी ओतून दिले. कर्जबाजारी तरुण मनुष्य विकता येण्याजोगा माल गटारात ओततो, या गोष्टीचा अर्थ आमच्या पिढीला समजावून सांगावा लागत नसे. सत्तरीच्या दशकाअखेर ज्या देशात शंभर कारखानेही उरले नव्हते तिथे आज नऊ हजारांहून अधिक आहेत, ते अशा ओतून दिलेल्या घाण्यांच्या पुण्याईवर.

आणि मग पुण्याई खर्चायला काढली गेली. प्रथम कडूपणाची चढाओढ लागली. सॅन दिएगोजवळच्या ‘स्टोन’ने 1997 साली जी उग्र बीअर काढली तिच्या लेबलावर, ही प्यायची तुमची लायकी नाही, अशा अर्थाचा मजकूर होता; ग्राहकाचा अपमान ही काही काळ चालणारी जाहिरात आहे, कारण अपमानित मनुष्य एकदा तरी पिऊन दाखवतो. कडूपणाची जीभ थकली तेव्हा व्हरमाँटकडून गढूळ, फळांच्या रसासारखी आयपीए आली, आणि कालपर्यंत बीअर निवळण्यात आयुष्य घालवणारे लोक ती गढूळ कशी राहील याचे प्रयोग करू लागले. त्याच सॅन दिएगोतल्या ‘बॅलास्ट पॉइंट’ची ‘स्कल्पिन’ ही खरोखर उत्तम आयपीए होती. तिच्यात पपनसाच्या जातीचे ग्रेपफ्रूट घातले ते खपले, म्हणून अननस घातले, म्हणून हाबानेरो मिरची घातली. 2015 साली कॉन्स्टेलेशन कंपनीने हा कारखाना एक अब्ज डॉलरला घेतला आणि चार वर्षांतच इलिनॉयमधल्या एका चिमुकल्या कारखानदाराला विकून टाकला. हॉप्सची नावे मुखोद्गत असणाऱ्या आपल्या तरुण मित्रांनी या सौद्याचीही तारीख पाठ करावी.

मद्यगृहांनीही कारखानदारांचीच री ओढली. पूर्वी एकेका नळावर एकेक बीअर वर्षानुवर्षे असे. आता नळ दर आठवड्याला बदलू लागले, आणि गिऱ्हाइकाला शिकवण मिळाली की मागच्या वेळी जे आवडले तेच पुन्हा मागणे हे गावंढळपणाचे लक्षण आहे. ज्या मुख्य बीअरने कारखान्याचे कर्ज फेडले तीच फळीवरून खाली उतरली. 2019 साली स्टीफन ब्यूमाँट या लेखकाने फेब्रुवारी महिना अशा जुन्या मुख्य बीअर पिण्यासाठी राखून ठेवावा अशी मोहीम काढली. हेतू थोर होता, पण हयात माणसांचा पितृपंधरवडा घालण्याची वेळ आली तेव्हाच आम्ही समजायला हवे होते.

इथे माझे मित्र मला अँकरचाच दाखला देतील, आणि तो दाखला जड आहे. अँकरने तर तीच बीअर केली, मग तो का बुडाला? मेटॅगने 2010 साली कारखाना विकला. 2017 साली तो जपानच्या सप्पोरोकडे गेला. 2021 साली त्या बीअरची पिढ्यांच्या ओळखीची लेबले बदलली. त्याआधीच महासाथीत मद्यगृहे बंद पडली होती. जून 2023 मध्ये नाताळची बीअर रद्द झाली आणि कॅलिफोर्नियाबाहेरची विक्री थांबली. जुलैत कारखाना मोडीत काढण्याचे जाहीर झाले. त्याआधी वर्षभर, 2022 साली, त्याच सप्पोरोने स्टोन विकत घेतला होता, यावरून मालकाचा जीव कशात होता हे दिसते. जिच्या नळाची जागा शेजाऱ्यांनी रोज बदलती ठेवली आणि जिची ओळख मालकाने पुसली, त्या बीअरच्या मृत्यूचे खापर पिणाऱ्याच्या जिभेवर फोडू नये. 2024 साली तो कारखाना विकत घेतला तो दही विकून धनाढ्य झालेल्या हमदी उलुकाया यांनी. आंबवण्याच्या शास्त्रातला हा आपला चुलतभाऊच. त्यांना यश येवो.

‘सामान्य गिऱ्हाइकाला चव कळत नाही’ असे जे आज सकाळच्या चर्चेत दोन्ही बाजूंनी गृहीत धरले गेले, त्यावर मी आकडे देणार नाही, घडलेली गोष्ट सांगतो. मी नोकरीत असताना मराठवाड्यातल्या आमच्या कारखान्यात एका उन्हाळ्यात पाण्याची टंचाई पडली आणि दुसरीकडचे पाणी आणून, शुद्ध करून काही घाणे काढले गेले. प्रयोगशाळेने सारे आकडे मर्यादेत असल्याचा निर्वाळा दिला, आमच्या चाखणाऱ्या मंडळींनी सही केली, माल गेला. पंधरवड्याच्या आत नगर रस्त्यावरच्या एका परमिट रूमचा वेटर, ज्याला माल्ट म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते, मला म्हणाला, “सायेब, माल बदलला का? गिऱ्हाईक एकावरच उठायलंय.” एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती, बाटली कोणी परत केली नव्हती. लोक फक्त दुसरी मागवीत नव्हते. आमच्या वरिष्ठांनी हे ऐकून घेतले आणि आंबा घातलेल्या बीअरचा प्रस्ताव माझ्यापुढे ठेवला. ती निघाली, पहिल्या महिन्यात धडाक्याने खपली, आणि पुढच्या हंगामात तिची खोकी गुदामात धूळ खात पडली. तिची लेबले मात्र फार सुंदर होती.

तरुण पिढी कमी पिते, हे मला मान्य आहे. अमेरिकेत 2025 साली गॅलपच्या पाहणीत पिणाऱ्या प्रौढांचे प्रमाण 54 टक्क्यांवर आले, इतके खाली ते कधीच आले नव्हते. कारखाने फार झाले, भाडी वाढली, डबे महागले, हेही खरे. परंतु 2016 नंतर ‘सेल्टझर’ची, म्हणजे मद्य घातलेल्या फसफसत्या पाण्याची, जी लाट आली आणि तीच बीअरचे भवितव्य आहे असे याच व्यासपीठावरून सांगितले गेले, तिचे पुढे काय झाले? 2021 साली सॅम्युएल ॲडम्सवाल्या बोस्टन बीअर कंपनीला न खपलेल्या सेल्टझरची लाखो खोकी नष्ट करावी लागली. आणि 2023 साली त्या देशात सर्वाधिक पैशांची विक्री कोणत्या बीअरची झाली? ‘मोडेलो एस्पेशियल’ची, साध्या, पिवळ्या मेक्सिकन लागरची. तिच्या प्रतिस्पर्ध्यावर त्या साली राजकीय बहिष्कार पडला होता आणि मेक्सिकन वस्तीचाही तिला आधार होता, हे मी दडवीत नाही. पण अमेरिकेत ती विकण्याचा मक्ता कोणाकडे आहे ते पाहावे: बॅलास्ट पॉइंटवर एक अब्ज डॉलर घालवणाऱ्या त्याच कॉन्स्टेलेशन कंपनीकडे. मिरचीत गेलेले साध्या लागरने भरून काढले.

आपल्याकडे पुण्यात 2009 साली ‘डूलाली’ सुरू झाले तेव्हापासून लघुकारखान्यांची जी पिढी आली तिच्याविषयी मला ममत्व आहे, आणि म्हणूनच भीती आहे. ‘बिरा’ची कथा ताजी आहे: कंपनीच्या नावातून ‘प्रायव्हेट’ हा शब्द गळला, तेव्हा राज्याराज्यांच्या अबकारी दप्तरांनी तिला नवी कंपनी मानून लेबलांची नोंदणी पुन्हा करायला लावली, आणि महिनोन्‌महिने माल अडकला. दप्तराला शिव्या देण्यात मीही आपल्याबरोबर आहे. परंतु बीअर नाहीशी झाली तेव्हा तिच्यासाठी थांबायला किती लोक तयार होते, हा प्रश्न आपण दप्तराला विचारू शकत नाही.

पुढील कार्याविषयी अध्यक्षाने काही सांगावे असा संकेत आहे. पाण्याच्या नोंदींची एक सामाईक वही असावी, जुन्या घाण्यांचे नमुने कुठेतरी जतन व्हावेत, परमिट रूमच्या वेटरांकडून माहिती गोळा करण्याची काही पद्धत बसवावी. तपशील कार्यकारिणीने ठरवावा, मी त्यात लुडबुड करणार नाही. एका बाबतीत मात्र करणार आहे. आपल्या स्पर्धेत परीक्षक घोटभर चाखतो, पाण्याने तोंड धुतो आणि पुढच्या नमुन्याकडे वळतो. ज्या घोटाने त्याला दचकवले त्याला पदक मिळते. परीक्षकापुढे पूर्ण प्याला ठेवावा, आणि तो संपल्यावर फक्त एक प्रश्न विचारावा: आणखी आणू का? गुणपत्रिका त्या एका उत्तराची असावी. आज संध्याकाळी ‘सर्वांत नावीन्यपूर्ण बीअर’ या वर्गाचे पदक माझ्या हस्ते दिले जाणार आहे. अध्यक्ष या नात्याने मी ते देईन, विजेत्याचे अभिनंदनही करीन. परंतु पुढील वर्षापासून हा वर्ग रद्द करावा असा ठराव मी आताच मांडतो, आणि त्याला अनुमोदक मिळो अथवा न मिळो, तो परिषदेच्या इतिवृत्तात माझ्या नावानिशी नोंदवावा.