अडलेले शटर आणि मालकाची तपासणी

बीडच्या मोंढ्यातील आडतीचे दुकान असो, अंबाजोगाईतील कापडाची पेढी असो, किंवा अलीकडे घराच्या तळमजल्यावर मोटार ठेवण्यासाठी काढलेली खोली असो, सकाळी कुलूप काढून हात घालावा आणि शटर गुडघ्याएवढे वर येऊन तेथेच अडावे, म्हणजे त्या दिवसाचा सारा व्यवहार त्या एका लोखंडी पडद्यापाशी खोळंबतो. पूर्वी आपल्या पेठांतील दुकानांना लाकडी फळ्या असत. पावसाळ्यात एखादी फळी फुगली तर दोष कोठे आहे हे मालकाला उघड्या डोळ्यांनी दिसे आणि गावचा सुतार रंधा फिरवून तो दूर करी. शटराचे मर्म मात्र वरच्या पत्र्याच्या पेटीत झाकलेले असल्यामुळे, एरवी आपल्या वस्तूंची बारकाईने निगा राखणारा गृहस्थही येथे गांगरतो, आणि एक तर अंगबळाने ओढून ते वाकवतो, नाही तर काहीच न पाहता तालुक्याच्या मिस्त्रीस पाचारण करतो. तो बिचारा मोटारसायकलीवरून उन्हातान्हात येतो, खाचेत अडकलेला कापसाचा बोळा काढतो आणि येण्याजाण्याची रास्त मजुरी घेऊन परततो. ती मजुरी आणि तो अर्धा दिवस वाचावा, आणि जेथे मिस्त्रीची खरोखर गरज आहे तेथे मालकाचा हात चुकूनही जाऊ नये, एवढ्याच हेतूने आज मी आपल्याशी बोलणार आहे.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत साध्या शटराचे जे वर्णन आहे, त्यात 80 मिलिमीटर रुंदीच्या आणि 1.25 मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्ट्या एकमेकींत गुंतविलेल्या असतात. असे 3 मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच शटर घेतले, तर नुसत्या सपाट पत्र्याचेच वजन 74 किलोच्या आसपास भरते, आणि पट्ट्यांचे वळण व तळाचा अँगल जमेस धरला म्हणजे ते शंभराच्या घरात जाते. तरीही एखादा पोरगेला नोकर ते सहज वर सारतो, याचे कारण वरच्या पाइपावर बसविलेल्या स्प्रिंगा होत. शटर खाली येताना त्या पिळल्या जातात, आणि वर जाताना तो साठवलेला पीळ वजनाचा बहुतेक भार उचलतो. म्हणून बिघाड मुख्यतः दोन ठिकाणी संभवतो: खाली, दोन्ही बाजूंच्या खाचांत, ज्यांना आपण गाईड म्हणतो, किंवा वर, स्प्रिंगांत. खालचा मुलूख मालकाचा आणि वरचा मिस्त्रीचा, ही हद्द एकदा मनात पक्की केली की पुढील तपासणी सोपी होते.

प्रथम कान आणि हात यांची साक्ष घ्यावी. बंद दुकानात रात्री मोठा धडाका झाला असेल, किंवा कालपर्यंत हलके असणारे शटर आज एकाएकी दगडासारखे जड झाले असेल, तर स्प्रिंग तुटली असे समजावे आणि तेथेच हात आखडता घ्यावा. तसे काही नसेल तर दोघांनी मिळून शटर सावकाश कमरेपर्यंत उचलावे आणि हात पट्टीजवळच ठेवून भार किंचित सोडून पाहावा. त्याखाली पाय किंवा डोके कदापि नसावे आणि मुलांना दूर उभे करावे. शटर आहे तेथे स्थिर राहिले तर स्प्रिंगा शाबूत आहेत. ते खाली धावू लागले तर स्प्रिंग सैल पडली आहे किंवा मोडली आहे. आपसूक वर उसळले तर तिचा पीळ वाजवीपेक्षा जास्त आहे. या दोन्ही प्रसंगी काम मिस्त्रीचेच. पण ते स्थिर राहते आणि सारताना मात्र करकरते, अडखळते, एका बाजूने मागे राहते, अशी लक्षणे असतील तर दोष बहुधा खालचा असतो.

त्यातही सर्वांत आधी कुलपे पाहावीत. दोन्ही बाजूंना जाणाऱ्या सळ्यांपैकी एक सळई खाचेतून पुरती बाहेर न आल्यामुळे अडलेली शटरे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि अशा वेळी लावलेला जोर ती सळई वाकवण्याखेरीज काही साधत नाही. त्यानंतर बॅटरी घेऊन दोन्ही खाचा वरपासून खालपर्यंत न्याहाळाव्यात. आपल्या जिल्ह्यात या खाचांत काय साचते हे गावागावावर अवलंबून आहे: परळीकडे औष्णिक केंद्राची बारीक राख, गेवराई-माजलगावच्या जिनिंगच्या परिसरात कापसाचा तंतू, आणि मोंढ्यात काळ्या मातीची धूळ व धान्याचा कोंडा. तंतू आणि धूळ यांत तेल मुरले म्हणजे त्याचा जो घट्ट लगदा होतो, तो पाचरीसारखा पट्टीला धरून ठेवतो.

येथे एका सार्वत्रिक सवयीबद्दल मला कळकळीने सांगावयाचे आहे. शटर करकरू लागले की घरातील खाद्यतेलाची वाटी आणून खाचेत आणि कुलपात ओतण्याचा प्रघात आहे, आणि आपल्या मराठवाड्यात ते तेल पुष्कळदा करडईचे असते. हे तेल जेवणात उत्तम. परंतु हवेशी संयोग होऊन हळूहळू घट्ट होण्याचा धर्म त्याच्या अंगी आहे, आणि याच गुणामुळे ते तापवून त्याचे रोगण करण्याची रीत आपल्या देशात जुनी आहे. जे तेल लाकडावर आणि कापडावर रोगण होऊन बसते, ते कुलपाच्या बारीक कळींत दुसरे काय करणार? चार दिवस कुलूप लोण्यासारखे फिरते आणि चार महिन्यांनी किल्ली आत शिरत नाही. जाड ग्रीसचाही खाचेत उपयोग नाही, कारण आपल्या कोरड्या, धुळकट हवेत ते धूळ धरून ठेवते. खाच आधी ताठ ब्रशाने कोरडी साफ करावी, मग रॉकेलमध्ये किंचित भिजविलेल्या फडक्याने पुसावी (हे करताना जवळ विडी, दिवा किंवा कापसाचा ढीग नसावा) आणि पूर्ण वाळल्यावर साधी मेणबत्ती आतल्या दोन्ही अंगांवर घासावी. कुलपात पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड घालावी. ती धूळ ओढत नाही आणि घट्टही होत नाही.

उन्हाळ्यात शटर उष्णतेने फुगून अडते अशी समजूत आहे. हिशेब केला तर तीन मीटरची पोलादी पट्टी तापमानात 35 अंशांची वाढ होऊनही साधारण सव्वा मिलिमीटरच वाढते, आणि खाचेत याहून अधिक मोकळीक ठेवलेली असते. तेव्हा वैशाखातच शटर अडत असेल तर ती मोकळीक मळाने किंवा वाकलेल्या खाचेने खाल्ली आहे, हे ओळखावे. माल उतरवताना टेम्पोचा मागचा भाग लागून खाच आत दबली असेल किंवा खालची पट्टी वाकली असेल, तर मागे लाकडाचा ठोकळा धरून लाकडी हातोडीने ती हलकेच सरळ करता येते. मात्र छातीच्या उंचीवरील पट्टी, किंवा टोकाची पकड तुटून बाजूला सरकलेली पट्टी, मिस्त्रीसाठी राखून ठेवावी.

मोटारीवर चालणाऱ्या शटरांचे मालक आता आपल्याकडेही वाढत आहेत. त्यांनी आधी वीज आहे का, एमसीबी पडला आहे का, रिमोटचा सेल जिवंत आहे का, हे पाहावे. लागोपाठ अनेकदा शटर वरखाली केल्यास मोटार तापून स्वतः बंद पडते. तिला अर्धा तास विश्रांती द्यावी. हाताची साखळी ओढण्यापूर्वी मुख्य बटण अवश्य बंद करावे, नाही तर वीज परत येताच अनर्थ ओढवेल.

वरच्या पेटीचे झाकण, पाइपाचे कंस आणि त्यांचे बोल्ट यांना पाना लावू नये, हे मी पुन्हा बजावतो. शटर खाली असता पिळलेल्या स्प्रिंगेत शंभर किलो उचलण्याचे सामर्थ्य कोंडलेले असते, आणि ते एका क्षणात सुटले तर मनगट मोडते, डोळा जातो. जीप बांधून दोराने शटर ओढण्याचा अघोरी उपायही सर्वथा वर्ज्य समजावा.

इतके करूनही इलाज झाला नाही तर मिस्त्रीस फोन करावा, आणि नुसते शटर अडले असे न सांगता पुरता तपशील द्यावा: खाचेपासून खाचेपर्यंत रुंदी, उंबऱ्यापासून उंची, अडण्याची जागा, कोणती बाजू मागे राहते, कमरेपाशी ते स्थिर राहते की धावते, आणि धडाका ऐकू आला होता की नाही. आष्टी किंवा धारूरच्या एखाद्या वाडीवर जाणाऱ्या कारागिराला हा मजकूर आधी कळला, तर तो योग्य मापाची स्प्रिंग सोबत घेऊनच निघतो आणि त्याची दुसरी खेप टळते. तो येईपर्यंत शटर अर्धवट उघडे असेल, तर दोन्ही खाचांलगत भक्कम लाकडी टेकू उभे करावेत, त्याखालून ये-जा बंद ठेवावी, आणि शक्य असल्यास गल्ल्यातील रक्कम व हिशेबाच्या वह्या मागील दाराने घरी हलवाव्यात.