तारुण्यपीटिका : कारणे, उपचार आणि उतावीळ

सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘मुखदूषिका’ या नावाने जो विकार येतो, त्यातील पुळ्यांना शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या, काट्यांची उपमा दिलेली आहे. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावरील काटा बुडाशी रुंद, टोकाशी निमुळता आणि थेट सालीतून वर आलेला असतो. ही उपमा विलक्षण नेमकी आहे, कारण मुरूम हा चेहऱ्यावर साचलेल्या मळाचा विकार नसून त्वचेच्या आत, केसाच्या मुळाजवळ सुरू होणारा विकार आहे.

केस ज्या सूक्ष्म नळीतून बाहेर येतो त्या रोमकूपाला लागून ‘सीबम’ हा तेलकट स्राव निर्माण करणारी तैलग्रंथी असते. वयात येताना मुले आणि मुली या दोघांच्याही शरीरात अँड्रोजन गटातील संप्रेरके वाढतात, त्यामुळे हा स्राव वाढतो आणि त्याच वेळी रोमकूपाच्या आतून झडणाऱ्या पेशी एकमेकींना चिकटून तेथे बूच बसते. बुचाचे तोंड उघडे राहिले तर काळा ठिपका दिसतो. त्याचा काळेपणा धुळीचा नसून मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्याचा असल्यामुळे दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड घासणाऱ्या मुलाच्या पदरी कोरडी, चुरचुरणारी त्वचाच पडते. बुचाचे तोंड बंद राहिले तर निरोगी त्वचेवरही नांदणारे क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हे जिवाणू आत वाढतात आणि दाह, म्हणजे लाली, सूज व ठणका, सुरू होतो. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. कपाळावर उतरणारे केसांचे तेल भर घालते, आणि पाळी अनियमित असलेल्या मुलीच्या हनुवटीवरील हट्टी मुरुमांमागे बीजकोशांचा पीसीओएस हा विकार असू शकतो.

उपचाराची दिशा यातूनच ठरते. अ‍ॅडापलीन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील औषध बूच बसू देत नाही, तर बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू कमी करते (आणि रंगीत टॉवेल व उशीच्या अभ्र्याचा रंगही उडवते). अ‍ॅडापलीन रात्री वाटाण्याएवढे घेऊन, केवळ पुळीवर नव्हे तर मुरूम येणाऱ्या सर्व भागावर, पातळ लावायचे असते आणि फरक दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. तीव्र व व्रण पाडणाऱ्या विकारात दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन अत्यंत गुणकारी असले तरी त्याने गर्भात गंभीर व्यंग निर्माण होत असल्याने ते गरोदरपणी पूर्णतः वर्ज्य आहे.

हे आठवडे निघत नाहीत, आणि खरे नुकसान तेथेच होते. पुळी फोडल्याने व्रण राहतो, सावळ्या त्वचेवर काळे डाग महिनोन्‌महिने टिकतात, आणि ते घालवण्यासाठी औषधाच्या दुकानातून गोरेपणाचे म्हणून स्टेरॉइडयुक्त मलम आणले जाते. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या ‘एच’ अनुसूचीत घातली, तरी त्यांचा मोह सुटलेला नाही, कारण पहिल्या काही दिवसांत लाली ओसरून चेहरा खरोखर उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्यांच्या लाल रेषा उमटतात, मुरुमे नव्याने उठतात आणि मलम थांबवताच आग होत असल्याने हात पुन्हा त्याच ट्यूबकडे जातो. तिच्यावरील बारीक अक्षरांत बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखादे नाव असेल, तर ते मलम मुरुमांसाठी नाही.