धुरावांचून आगगाडी

आगगाडीच्या नादीं लागलेल्या मंडळींची एखादी बैठक डोळ्यांपुढें आणावी. टेबलावर दोन छायाचित्रें मांडलेलीं आहेत. एकांत वाफेचें इंजिन चढण चढत आहे. धुरांड्यांतून निघालेला लोट उंच जाऊन मागच्या डब्यांवर कलला आहे, आणि चाकांचे दांडे अर्ध्या फेऱ्यांत थबकल्यासारखे दिसत आहेत. दुसऱ्यांत तीच चढण, तेंच वळण. पण पुढें डिझेल इंजिन आहे, म्हणजे रंगविलेली एक लांबट पेटी आणि तिला कांचेच्या दोन खिडक्या. बैठकींतील बहुतेक हात पहिल्या चित्राकडे जातात. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु आगगाडीच्या इतिहासांतील कोणता भाग कागदावर उतरावा आणि कोणता हातचा जावा, हें पुष्कळ अंशीं याच निवाड्यानें ठरविलें आहे.

वाफेचें इंजिन हें आपलें काम उघड्यावर करणारें यंत्र आहे. भट्टींत कोळसा जळतो, बॉयलरमधील पाण्याची वाफ होते, ती सिलिंडरांत शिरून दट्ट्याला ढकलते, आणि दट्ट्याला जोडलेला दांडा चाक फिरवितो. काम झालेली वाफ धुरांड्यांतून जोरानें बाहेर पडते व पडतां पडतां भट्टींतील विस्तवाला हवा ओढून देते. म्हणजे गाडी जितकी जड आणि चढ जितका उभा, तितका विस्तव अधिक धगधगतो आणि लोट अधिक उंच जातो. इंजिनाचे श्रम अशा रीतीनें आकाशांत लिहिले जातात. छायाचित्राला गति दाखवितां येत नाहीं; पण मागें कललेला तो पट्टा पाहतांच गाडीचा वेग काय असावा, वारा कोणत्या दिशेचा होता आणि चढ किती कठीण होता, हें पाहणाराला न सांगतां कळतें.

डिझेलची व्यवस्था याच्या उलट आहे. आंतील तेलावरचें यंत्र जनित्राला फिरवितें, आणि जनित्राची वीज खालीं आंसांना जोडलेल्या मोटारींना मिळते. हें सर्व नाट्य पत्र्याच्या पडद्याआड चालतें. हजारों टनांची मालगाडी घाटांत ओढणारें डिझेल आणि यार्डांत नुसतें उभें असलेलें डिझेल, कागदावर दोन्हीं जवळजवळ सारखींच दिसतात. रसिकांची तक्रार आहे ती येथें, आणि ती खोटी नाहीं.

मात्र या तक्रारींत संवयीचाहि वांटा मोठा आहे. अमेरिकेंतील लेखक ल्यूशियस बीबी यांनीं १९३८ सालीं ‘हाय आयर्न’ हें आगगाड्यांच्या छायाचित्रांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. बीबी यांची आवड ठाम होती: गाडी समोरून तिरकी येत असावी, इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळी दिसावी, ऊन तिच्या अंगावर असावें, आणि धूर तर हवाच हवा. पुढें कित्येक वर्षें हौशी लोक हाच सांचा वापरीत राहिले. डिझेल आलें तेव्हां तेंहि त्याच सांच्यांत घालून पाहण्यांत आलें. तें त्यांत शोभेना, आणि दोष सांच्याचा न ठरतां डिझेलचा ठरला.

धुराविषयीं एक गंमत येथें सांगण्यासारखी आहे. काळा धूर ही कोळसा नीट न जळल्याची खूण होय. कसलेल्या फायरमनचा अभिमान धुरांडें स्वच्छ ठेवण्यांत असे, कारण वांया गेलेला प्रत्येक कण त्यानेंच फावड्यानें उचललेला असे. शोभतो तो पांढरा लोट वाफेचा, आणि तो थंड हवेंतच दाट दिसतो. म्हणूनच जाणते छायाचित्रकार हिवाळ्याची सकाळ गांठीत. ज्यांना तेवढा धीर नसे ते फायरमनला ओळखीनें सांगून एक-दोन फावडीं कोळसा अधिक टाकावयास लावीत. रसिकांनीं ज्याला इंजिनाचें पौरुष मानलें, तें पुष्कळदां पाहुण्यासाठीं केलेली उधळपट्टी असे.

वाफेच्या बाजूनें सर्वांत बलवान् साक्ष ज्यांनीं दिली ते ओ. विन्स्टन लिंक हे न्यूयॉर्कचे धंदेवाईक छायाचित्रकार. जाहिरातींसाठीं आणि कारखान्यांसाठीं चित्रें काढणें हा त्यांचा व्यवसाय. जानेवारी १९५५ मध्यें असल्याच एका कामासाठीं व्हर्जिनिया संस्थानांतील स्टँटन या गांवीं गेले असतां, संध्याकाळीं ते जवळच्या वेन्सबरो स्टेशनावर नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची गाडी पाहावयास गेले. अमेरिकेंतील मोठ्या रेल्वेंपैकीं वाफेवर निष्ठा ठेवून राहिलेली ही शेवटची. हिचा मुख्य धंदाच कोळशाच्या वाहतुकीचा, आणि इंजिनेंहि ती रोआनोक येथील आपल्याच कारखान्यांत बांधी. पण १९५५ सालीं तिनेंहि पहिलीं डिझेल इंजिनें घेतलीं, आणि पुढें काय होणार हें लिंक यांच्या लक्षांत आलें.

त्यांनीं रात्र निवडली. सूर्य हालवितां येत नाहीं, रूळहि हालवितां येत नाहींत, तेव्हां प्रकाशच आपला घेऊन जावा, असा त्यांचा व्यवहारी विचार होता. अंधारांत नको असलेलें सर्व कांहीं नाहींसें होतें आणि पांढरी वाफ तेवढी उजळून निघते. पण यासाठीं पडणारे कष्ट विलक्षण होते. फ्लॅशचे बल्ब त्या काळीं एकदां पेटले कीं संपले. लिंक आणि त्यांचे साहाय्यक उजेडीं कामाला लागून रुळांच्या कडेनें तारा ओढीत, झाडांवर, खांबांवर, घरांच्या आडोशाला बल्ब बसवीत. ते एकाच मालिकेंत जोडलेले असत. एक जोड सुटली तर एकहि बल्ब पेटत नसे. मग रात्रीं गाडी भरवेगानें यावयाची, एका क्षणांत सर्व डोंगर उजळावयाचा, आणि तो क्षण चुकला तर गाडीला परत बोलावण्याची सोय नाहीं.

यांतील सर्वांत प्रसिद्ध चित्र वेस्ट व्हर्जिनियांतील येगर गांवीं २ ऑगस्ट १९५६ च्या रात्रीं घेतलेलें आहे. उघड्यावर चाललेला चित्रपट. प्रेक्षक आपापल्या मोटारींत बसलेले. पुढील उघड्या मोटारींत एक तरुण जोडपें. पडद्यावर एक विमान. आणि मागून पांढरा लोट सोडीत धांवणारी मालगाडी. फ्लॅशच्या झगझगाटानें पडद्यावरचें चित्र धुऊन गेलें होतें. म्हणून विमानाचें चित्र वेगळें घेऊन लिंक यांनीं तें मागाहून अंधाऱ्या खोलींत पडद्यावर बसविलें. कांहीं रसिकांना ही लबाडी वाटते. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. त्या चित्रांत गाडीकडे कोणाचेंहि लक्ष नाहीं. सर्वजण मोटारींत बसून विमान पाहत आहेत. आगगाडीचें साम्राज्य कोणाच्या हातीं जात होतें, हें त्या एका चित्रांत जितकें स्पष्ट आहे तितकें मोठमोठ्या प्रबंधांत आढळत नाहीं. आणि त्यांत डिझेलचा अपराध कोठेंच नाहीं.

मे १९६० मध्यें त्या रेल्वेवरील वाफेचा कारभार संपला. तोंपर्यंत लिंक यांच्याजवळ सुमारें २४०० निगेटिव्ह जमल्या होत्या. त्यांनीं आवाजहि जतन केले: २४ डिसेंबर १९५७ च्या रात्रीं रूरल रिट्रीट नांवाच्या खेड्यांत प्रार्थनामंदिराच्या घंटांवर नाताळचीं गीतें वाजत असतां स्टेशनांतून निघून जाणारी गाडी त्यांनीं ध्वनिमुद्रित केली. नभोवाणीच्या श्रोत्याला ती चित्रांपेक्षांहि अधिक जवळची वाटेल.

आतां हींच चित्रें दुसऱ्या दृष्टीनें पाहावीं. नदीच्या डोहांत पोहणारीं मुलें आणि वरून पुलावरून जाणारी गाडी; लिथिया येथील एका घरांतील दिवाणखाना, मांडीवर मांजर घेऊन बसलेली बाई आणि खिडकींतून गाडीला हात करणारा मुलगा. या चित्रांतलें इंजिन काढून तेथें दुसरें कांहींहि ठेवलें तरी चित्राचा प्राण जात नाहीं, कारण तो माणसांत आहे. डिझेलच्या छायाचित्रकारांना जो धडा हवा होता तो वाफेच्या या शेवटच्या भाटानेंच घालून ठेवला होता.

तो ज्यांनीं आचरणांत आणला त्यांत कॅलिफोर्नियाचे रिचर्ड स्टाइनहायमर यांचें नांव अग्रभागीं येतें. जन्म १९२९, मृत्यु २०११. त्यांनींहि तरुणपणीं वाफेचीं इंजिनें टिपलीं. पण तीं संपल्यावर कॅमेरा खुंटीला टांगला नाहीं. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत हिमवादळांत, भर रात्रीं, ते डिझेलच्या मागें फिरले. डिझेलला स्वतःचा लोट नाहीं, तर पडत्या बर्फांत घुसलेला त्याच्या दिव्याचा झोत घ्यावा. दांडे हालत नाहींत, तर शेजारीं कंदील घेऊन उभा असलेला माणूस घ्यावा. किंवा गाडी अगदीं लहान ठेवून तिच्यामागचा पर्वत मोठा घ्यावा. वाफेचें इंजिन चित्राचा नायक होऊन बसे व इतरांना बोलूं देत नसे. डिझेलनें ती जागा मोकळी केली, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

आणखी एक अन्याय तुलना करणारे सहसा ध्यानांत घेत नाहींत. वाफेचें इंजिन काळें आणि त्याची वाफ पांढरी. कृष्णधवल पटलासाठींच जणूं त्याचा जन्म. अमेरिकन डिझेल मात्र रंग घेऊन आलें. सांता फे रेल्वेनें १९३७ सालीं आपल्या डिझेल इंजिनांना तांबड्या-रुपेरी रंगाचा जो पेहेराव चढविला तो आजहि ओळखला जातो. असल्या इंजिनाचें कृष्णधवल चित्र म्हणजे पैठणीचें वर्णन वजनांत करण्यासारखें आहे.

इंग्लंडांत या वादाला शोकाचें स्वरूप आलें. तेथील मुख्य मार्गावरची वाफेची शेवटची गाडी ११ ऑगस्ट १९६८ रोजीं लिव्हरपूलहून कार्लाइलला जाऊन आली. रुळांच्या दुतर्फा माणसें उभीं होतीं. त्यानंतर अनेकांनीं छंदच सोडला. जें उरलें आहे तें पाहण्यालायक नाहीं, असा त्यांचा ग्रह झाला. परिणाम असा कीं डिझेलच्या आरंभींच्या काळांतील कित्येक जातींचीं इंजिनें थोड्या वर्षांत भंगारांत गेलीं, आणि त्यांच्याकडे कॅमेरा रोखणारे हात, वाफेच्या निरोपाच्या वेळीं उठलेल्या हातांच्या मानानें, फारच थोडे होते.

परंतु फलाटावर त्या वेळीं लहान मुलेंहि उभीं होतीं. त्यांनीं वाफेचें राज्य पाहिलेंच नव्हतें. त्यांचें बालपण डिझेलच्या घरघरींत गेलें. १९६१-६२ सालीं बांधलेल्या, ३३०० अश्वशक्तीच्या ‘डेल्टिक’ जातीच्या २२ इंजिनांनीं लंडन ते एडिंबरो या मार्गावर वीस वर्षें जलद गाड्या ओढल्या. २ जानेवारी १९८२ रोजीं त्यांची निरोपाची गाडी निघाली तेव्हां किंग्ज क्रॉस स्टेशनावर जी गर्दी लोटली तिचा शोक १९६८ च्या शोकाहून कमी नव्हता. शोक करणारीं माणसें मात्र दुसरी होतीं.

जे खरोखर इंजिनावर काम करीत त्यांचा निवाडा फारसा कोणी विचारीत नाहीं. ड्रायव्हरला डिझेलवर बसावयास जागा मिळाली, डोळ्यांत राख जाईनाशी झाली, अंगावरचे कपडे स्वच्छ राहूं लागले. फायरमनचें फावडें सुटलें. पण त्याबरोबर त्याची नोकरीहि धोक्यांत आली, आणि अमेरिकेंत त्यावरून वर्षानुवर्षें तंटे चालले. धुराच्या सौंदर्याची चर्चा करणाऱ्या बैठकींत तो माणूस सहसा हजर नसतो.

भारतांत हा क्रम आणखी गुंतागुंतीचा झाला. मुंबई-पुणें घाटांत १९२९ सालींच वीज आली, म्हणून मराठी मुलखाच्या या सर्वांत देखण्या चढणीवर वाफेची जागा डिझेलनें घेतलीच नाहीं. इतरत्र १९६० नंतर अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या नमुन्यावरचीं डिझेल इंजिनें आलीं, आणि १९६४ पासून तीं वाराणसीस बनूं लागलीं. रुंद मार्गावरील वाफेची नेहमींची वाहतूक डिसेंबर १९९५ मध्यें संपली. या अल्को इंजिनांची एक खोड आहे: ड्रायव्हरनें एकाएकीं जोर वाढविला कीं तेल आधीं पोंचतें आणि हवा पुरविणारा पंखा मागाहून वेग घेतो, तेवढ्या अवधींत न जळलेल्या तेलाचा काळाकभिन्न लोट वर उसळतो. अभियंत्याच्या दृष्टीनें हा दोष. पण भारतांतील हौशी छायाचित्रकार नेमक्या त्याच क्षणासाठीं स्टेशनाच्या टोंकाला उभे राहत आले आहेत. बीबी यांचा सांचा असा पुन्हां उपयोगीं आला, आणि तोहि पुन्हां वांया जाणाऱ्या इंधनावरच.

कोंकण रेल्वे तर जन्मापासून डिझेलची. २६ जानेवारी १९९८ रोजीं ती संपूर्ण खुली झाली, आणि रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरील ६४ मीटर उंचीच्या पुलावरून पावसाळ्यांत धुक्यांतून जाणारी डिझेलची गाडी हें एका पिढीच्या मनांतलें कोंकणचें चित्र होऊन बसलें. २०२२ सालीं त्या मार्गाचें विद्युतीकरण पुरें झालें. आतां पुलावर खांब आहेत, तारा आहेत, आणि विजेच्या इंजिनाला पाहून डिझेलचे जुने चाहते तेंच म्हणतात, जें त्यांच्या वडिलांनीं डिझेलला पाहून म्हटलें होतें: यांत काय काढावयाचें?

लिंक यांचें २००१ सालीं निधन झालें. त्यांच्या चित्रांचें संग्रहालय २००४ मध्यें रोआनोक येथें, त्याच रेल्वेच्या जुन्या उतारू स्टेशनाच्या इमारतींत उघडण्यांत आलें. आंत भिंतींवर ती रात्र आहे, ती वाफ आहे. बाहेर रूळ तेच आहेत, आणि त्यांवरून डिझेलनें ओढलेल्या मालगाड्या जातात.