जुनें यंत्र आणि मोठें कोठार



परभणी जिल्ह्यांतील सेलू हें तालुक्याचें गांव. अशा गांवच्या छापखान्यांत लग्नपत्रिका, पावतीपुस्तकें, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि संस्थांचे वार्षिक अहवाल छापले जातात. तेथील एखाद्या कोपऱ्यांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वींचा संगणक अद्यापि चालू असला तर त्यांत नवल मानण्याचें कारण नाहीं. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं संगणकावर मराठी अक्षरें उमटविण्याची प्रत्येक प्रणालीची रीत निराळी होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपि एक, सी-डॅकची आय.एस.एम. दुसरी, एका प्रणालींत जुळविलेला मजकूर दुसरींत उघडला तर बहुधा अक्षरांचा नुसता गोंधळ दिसे. कांहीं प्रणाली तर यंत्राच्या पाठीमागें खोचावयाच्या कुलपावांचून चालतच नसत. म्हणून विंडोज ९८ किंवा विंडोज एक्सपी यांवर चालणारें यंत्र मालकास सहसा टाकून देववत नाहीं. त्याच्या वर्षानुवर्षांच्या कामाची किल्लीच त्या यंत्रांत असते.

परंतु यंत्र टिकलें तरी त्यांतील हार्ड डिस्क, म्हणजे मजकूर सांठविण्याचें कोठार, केव्हां तरी थकतेंच. बाजारांत चौकशी करावी तर वीस किंवा चाळीस गिगाबाइटची नवी हार्ड डिस्क आतां मिळत नाहीं. मिळते ती एक किंवा दोन टेराबाइटची. जुन्या रुंद पट्टीच्या जोडणीस नवी डिस्क जोडतां यावी म्हणून रूपांतरकही मिळतो. मात्र जोडणी झाली म्हणजे काम झालें, ही समजूत घातक आहे. खरा प्रश्न तारेचा नसून पत्त्याचा आहे.

पत्त्याचें महत्त्व महाराष्ट्रास नव्यानें सांगावयास नको. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ टपाल-अधिकाऱ्यांनीं योजिलेला सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून देशांत सुरू झाला, आणि ४३१५०३ एवढे आंकडे लिहितांच पत्र सेलूस पोहोंचूं लागलें. हार्ड डिस्कचीही व्यवस्था अशीच असते. तिच्यांत ५१२ बाइटचा एकेक खण असतो आणि प्रत्येक खणास क्रमांक असतो. संगणक शून्य आणि एक या दोनच अंकांनीं हा क्रमांक लिहितो. किती अंकी क्रमांक लिहितां येईल, हें यंत्र बनतांनाच ठरलेलें असते. आणि जितके अंक, तितकीच खणांची गणती.

पूर्वींच्या व्यवस्थेंत क्रमांकासाठीं २८ अंकांची जागा होती. तेवढ्यांत २६,८४,३५,४५६ खण मोजतां येतात. म्हणजे सुमारें १३७ गिगाबाइट. विंडोज आपल्या मोजणीनें हाच आंकडा १२८ असा दाखविते. त्याच्याही आधीं, १९९० नंतरच्या दशकांत, ५२८ मेगाबाइट आणि पुढें ८.४ गिगाबाइट अशा मर्यादा येऊन गेल्या होत्या. २००२ च्या सुमारास क्रमांकाची जागा ४८ अंकांची झाली आणि मर्यादा १ लाख ४४ हजार टेराबाइटपर्यंत गेली. परंतु ही नवी रीत बायॉस आणि विंडोज या दोघांनाही अवगत असावी लागते. २००१ सालच्या मूळ एक्सपीला ती अवगत नव्हती. २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकनें ती आली. विंडोज ९८ च्या मूळ ड्रायव्हरास ती कधींच आली नाहीं.

मर्यादा ओलांडली तर काय होतें? एखाद्या कारकुनाच्या वहींत घरक्रमांकासाठीं चारच रकाने आहेत अशी कल्पना करावी. गांव वाढलें आणि १००२५ क्रमांकाचें घर झालें. कारकुनानें पहिला अंक गाळून ००२५ लिहिलें, तर नव्या घराचें सामान पंचवीस क्रमांकाच्या जुन्या घरांत जाऊन पडेल. विंडोज ९८ च्या बाबतींत असेंच घडतें. नव्या संगणकावर मोठी डिस्क पूर्ण क्षमतेनें तयार करून ती जुन्या यंत्रांत बसविली, तर आरंभीं सर्व सुरळीत दिसतें. पुढें मजकूर १३७ गिगाबाइटच्या पलीकडे जाऊं लागला कीं तो आरंभींच्या खणांवर लिहिला जातो. आरंभीं तर सबंध डिस्कची अनुक्रमणिका असते. ती पुसली गेली म्हणजे पंचवीस वर्षांचें काम एका दुपारीं दिसेनासें होतें. ही डिस्क बिघडलेली नसते. पत्ता चुकलेला असतो.

दुसरी मर्यादा २.२ टेराबाइटची. डिस्कच्या भागांची नोंद करण्याची १९८३ पासूनची पद्धत ३२ अंकी आहे. म्हणून ३ टेराबाइटची डिस्क कांहीं जुन्या यंत्रांस सुमारें ८०० गिगाबाइटचीच भासते, २.२ टेराबाइटचें आवर्तन पूर्ण होऊन उरलेलाच आंकडा त्यांस दिसतो. यावर जीपीटी ही नवी पद्धत निघाली. पण नेहमींच्या ३२ अंकी एक्सपीला ती वाचतां येत नाहीं.

यावरून व्यवहाराचे नियम सहज निघतात. प्रथम, जुन्या डिस्कवरील मजकुराच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं कराव्या, आणि मगच पेचकस हातीं घ्यावा. दुसरें, विंडोज ९८ साठीं डिस्कचे सर्व भाग मिळून १३७ गिगाबाइटच्या आंत ठेवावे आणि उरलेली जागा मोकळी सोडावी. ती वायां गेली असें वाटेल. पण त्या मोकळ्या जागेमुळेंच बाकीचा मजकूर सुरक्षित राहतो. तिसरें, एक्सपी असल्यास सर्व्हिस पॅक पाहावा, बायॉसला डिस्कचा पुरा आंकडा दिसतो कीं नाहीं तें पाहावें, आणि दोन टेराबाइटहून मोठी डिस्क घेऊं नये.

याहून चांगला मार्ग म्हणजे मोठें कोठार जुन्या यंत्रांत न घालतां शेजारच्या नव्या संगणकांत ठेवावें आणि दोन्ही यंत्रें तारेनें जोडावीं. जुनें यंत्र तेव्हां फक्त फाइलचें नांव मागतें. खण मोजण्याचें काम नवें यंत्र करतें. मात्र एक्सपीचें संरक्षण मायक्रोसॉफ्टनें ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबविलें आहे. म्हणून ही जोडणी घरांतल्या घरांत ठेवावी, आणि जुन्या यंत्रास इंटरनेटचें दार उघडूं नये.

शेवटीं, हे सर्व उपाय वेळ मिळवून देणारे आहेत. जुनें यंत्र केव्हां तरी थांबेल, आणि त्याबरोबर त्याची लिपीही मुकी होईल. तोंपर्यंत मिळालेल्या अवधींत जुना मजकूर थोडा थोडा युनिकोडमध्यें उतरवून घेणें, हें छापखान्यांचें, शाळांचें आणि ज्यांच्या घरीं असा जुना संगणक आहे त्या सर्वांचें खरें काम आहे.