अनवाणी महेश आणि आम्ही चपलावाले



स्वागताध्यक्ष कोणाला करतात हे आपण जाणताच. ज्याची देणगीची पावती मोठी, त्याच्या गळ्यात हार. मी कोल्हापुरात चपला विकणारा माणूस. मल्याळम सिनेमाच्या या सोहळ्यात उभा आहे खरा, पण मल्याळम मला येत नाही, सिनेमे बघतो ते खालच्या अक्षरांवर.

पहिला पाहिला तो २०१६चा, दिलीश पोत्तन यांचा ‘महेशिंटे प्रतिकारम’. केरळातल्या इडुक्कीतला महेश नावाचा एक फोटो स्टुडिओवाला भर रस्त्यात मार खातो आणि सूड घेतल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही अशी शपथ घेतो. आमच्या धंद्याला असलं गिऱ्हाईक काय कामाचं! पण गंमत पुढे आहे. मारणारा नोकरीसाठी दुबईला निघून जातो. बसला महेश अनवाणी. ज्या मुलखातली पोरं पोटासाठी आखातात जातात, तिथे सूडालासुद्धा परतीच्या विमानाची वाट बघावी लागते. आखातावर भाषण न ठोकता दिग्दर्शकाने हे सांगून टाकलं.

२०२१चा ‘द ग्रेट इंडियन किचन’ मी बायकोबरोबर पाहिला. सिंकखालचा पाइप गळतोय, नवरा प्लंबरला सांगायला रोज विसरतोय. सासऱ्यांना भात चुलीवरचाच लागतो. जेवण झाल्यावर चघळलेल्या शेंगांचा चोथा ताटाबाहेर, टेबलावर तसाच. बायको काही बोलली नाही. मी मात्र उठून ताट उचललं. साक्षरतेत पुढे असलेल्या राज्याने स्वतःच्या मोरीत कॅमेरा नेला, याचं मला अप्रूप वाटतं.

पण केरळहून आलेल्या पाहुण्यांचं नुसतं कौतुक करून त्यांना ओशाळवाणं करणार नाही. जे. सी. डॅनियल यांच्या ‘विगतकुमारन’ या मूकपटात पी. के. रोझी या दलित मुलीने नायर स्त्रीची भूमिका केली, म्हणून प्रेक्षक खवळले आणि तिला मुलूख सोडून पळावं लागलं. आणि चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांचे हाल सांगणारा हेमा समितीचा अहवाल २०१९मध्ये सरकारच्या हाती पडला, तो लोकांसमोर यायला २०२४ उजाडलं. दुसऱ्याच्या मोरीतला कॅमेरा आपल्या मोरीत न्यायला चित्रपटसृष्टीला एवढा वेळ का लागला, यावर उद्याच्या परिसंवादात पाहुण्यांनी मोकळेपणाने बोलावं. तेव्हा आम्हीही आमच्या घरचं झाकून ठेवणार नाही.

आता जेवण. तांबडा-पांढरा रस्सा तयार आहे, शाकाहारी मंडळींसाठी शेवग्याची आमटी. फक्त चोथा ताटातच ठेवा, आणि ताट ज्याचं त्याने उचला.