घरगुती वीजबचतीसाठी अर्थसाहाय्य : आधी हिशेब, मग हप्ता
(पालघर तालुक्यातील एका शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



तारापूरला १९६९ साली देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. परंतु केंद्र शेजारी आहे म्हणून बोईसर-पालघरच्या घरांना वीज स्वस्त मिळत नाही. बिल कमी करावयाचे तर घरातील उपकरणेच बदलावी लागतात. त्यासाठी मिळणारी मदत कशी घ्यावी, ते आज पाहू.

मदत म्हणजे अनुदानच, असे नाही. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या उजाला योजनेत बल्बवर अनुदान नव्हते. कोट्यवधी एलईडी बल्ब एकत्र खरेदी केल्याने २०१४ साली ३१० रुपयांच्या घरात असलेला खरेदीचा दर २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. महावितरणच्या ग्राहकांना हे बल्ब वीजबिलातून हप्त्याने घेण्याची सोयही होती. बचत बिलात झाली आणि हप्ताही तेथूनच फिटला. हेच सूत्र लक्षात ठेवावे.

आता पंख्याचे पाहू. आपल्या किनारपट्टीवर हवा दमट. पंखा फारसा बंद होतच नाही. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी मोटरचा सुमारे ३० वॅट. रोज १२ तास चालल्यास महिन्याला १६ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तर सुमारे १३० रुपये झाले. नवा पंखा ३,००० रुपयांचा धरल्यास दोन वर्षांच्या आत पैसे फिटतात. मात्र दुकानदाराने २५० रुपयांचा मासिक हप्ता सांगितला, तर जादा १२० रुपये खिशातून जातील. म्हणून हप्ता व व्याज मिळून महिन्याच्या बचतीत बसते का, हे प्रथम तपासावे. 'बिनव्याजी' म्हटले तरी कागदपत्रांचा खर्च विचारून घ्यावा. बचत गटातील दहा-बारा घरांनी एकत्र दर मागविल्यास किंमतही कमी होऊ शकते.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांना ज्यांनी खोल्या भाड्याने दिल्या आहेत, त्यांनी विशेष लक्ष द्यावे. पंखा मालक बसवितो, बिल भाडेकरू भरतो; म्हणून स्वस्तातला पंखा बसविला जातो. तो भार गरीब कुटुंबावर पडतो. दोघांनी मिळून खर्च वाटून घेणे उचित ठरेल.

छतावरील सौर संचासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेस ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. हे अनुदान संच बसून सुरू झाल्यावर बँक खात्यात जमा होते. तोवरच्या रकमेची तजवीज हवी. आधी पंखे, दिवे बदला, मग संच ठरवा. कमी वापराला लहान संच पुरतो व कर्जही कमी लागते.

थोडक्यात :

१) वर्षभराची बिले काढून महिन्याचे युनिट लिहून काढा.

२) सर्वांत जास्त तास चालणारे उपकरण प्रथम बदला.

३) तारांकन पट्टी पाहूनच घ्या, छताच्या पंख्यांना ती १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची आहे.

४) पक्की पावती व हमीपत्र जपून ठेवा.

खताची मात्रा आपण माती परीक्षणावरून ठरवितो. कर्जाची मात्रा वीजबिलावरून ठरवा, एवढीच विनंती.