मुलांना अमेरिकेचा इतिहास सांगताना

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचा इतिहास मुलांना घरी सांगावयाचा, तर पालक बहुधा लिंकनपासून आरंभ करतात. फ्रेडरिक डग्लसपासून करणे अधिक बरे. बाल्टिमोरमधील या गुलाम मुलाला घरधनिणीने मुळाक्षरे शिकविली. घरधन्याने ते बंद पाडले. मग रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्याने वाचन शिकून घेतले. हा व्यवहार मुलांना सनावळीवाचून समजतो. पुढे ‘मग सारे सुटले केव्हा?’ असे ती विचारतीलच. तेव्हा १८६३ च्या जाहीरनाम्यावर थांबू नये. संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या राज्यांतील गुलामांना तो लागू नव्हता. देशभर गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. मराठी मुलांना तर जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिकाही दाखवावी. १८७३ साली निघालेले ते पुस्तक त्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांनाच अर्पण केले आहे.